नऊ दिवसांचा गहू

भावसिंग नाईक तांडा, ता. दारव्हा
१४ जुलै २०२४

पुंडलिक,

जय सेवालाल. फोन करणार नाही. फोनवर तू मला एक वाक्य पुरे करू देत नाहीस. पुसदच्या वसतिगृहात होतास तेव्हापासूनची ही खोड, आणि पुढे कृषी अधिकारी झाल्यावर तिला सरकारी शिक्काही बसला. पत्रात निदान तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

ग्रामपंचायतीत कागद आला आहे. जिल्ह्याचा हवामान अनुकूलन आराखडा होणार, त्यासाठी पाहणी पथक तांड्यावर येणार. म्हणजे आता सरकार हवामानाशी जुळवून घेणार तर! आम्ही समजत होतो, हवामानानेच सरकारशी जुळवून घेतले आहे, कारण दोघेही येतो म्हणतात आणि येत नाहीत, आणि येतात तेव्हा सगळे वाहून नेतात. आराखडा लिहिणाऱ्या संस्थेत तुझी समीक्षा आहे असे कळले. लेकीचे अभिनंदन. बापाचे करत नाही.

आमच्या नाल्याचे तुला माहीत आहे. तांडा अलीकडे, डांबरी रस्ता आणि हायस्कूल पलीकडे. पूर्वी पाऊस दिवसभर पडायचा आणि नाला गुडघ्याला लागायचा. आता महिना महिना कोरडा जातो आणि मग महिन्याचा पाऊस एका दुपारी पडतो. मागच्या सप्टेंबरात शाळेतून येताना माझी नात पुष्पा त्या पाण्यात गेली. बाभळीच्या बुंध्याला अडकली म्हणून हाती लागली. तिच्या बापाने, माझ्या जीवनने, तिला बाहेर काढले. मग मला म्हणाला, "बा, पुढचे दोन पावसाळे. तोवर पूल झाला त ठीक, नाही त पोरीची शाळा बंद. मले शिकलेली मेलेली पोरगी नाही पायजे."

जन्मभर दुसऱ्यांच्या मुली शाळेत ओढून आणणारा मास्तर मी. पूल होईल, असा शब्द देऊन बसलो आहे.

वशिला लावत नाही. समीक्षाला इतकेच सांग, आलीस की नाला बघ.

देवीलाल राठोड

*

यवतमाळ
२ ऑगस्ट २०२४

प्रिय देवीलाल,

सप्रेम नमस्कार. मास्तर लोकांचा धंदाच चुका काढण्याचा. काम सुरू होण्याआधीच तू लाल शाई उघडलीस.

हा आराखडा म्हणजे तुमच्या ग्रामसभेतला ठराव नव्हे. शास्त्रशुद्ध काम आहे. प्रत्येक गावाची असुरक्षितता मोजायची, तिला गुण द्यायचे. ज्याचे गुण जास्त तिथे पूल, टाक्या, निवारे आधी. यात ओळखपाळख चालत नाही आणि आरडाओरडही चालत नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण तुमच्या तांड्याला दुसरी रीत ठाऊक नाही. मी तालुक्याला असताना भावसिंग नाईक पन्नास माणसे घेऊन यायचा आणि एका स्प्रे पंपासाठी कचेरी डोक्यावर घ्यायचा.

समीक्षा आणि पथकातली दोन मुले राखीनंतरच्या आठवड्यात येतील. त्यांना नीट जेवू घाल आणि भाषण देऊ नकोस. जे विचारतील तेवढेच सांगा. काही शेतीविषयक अडले तर मी आहेच. निवृत्त झालो म्हणून ज्ञान निवृत्त होत नाही.

जीवनला सांग, उगाच हट्ट करू नकोस. पोरीचे शिक्षण महत्त्वाचे.

तुझा,
पुंडलिक

*

भावसिंग नाईक तांडा
२९ ऑगस्ट २०२४

पुंडलिक,

पथक येऊन गेले. समीक्षा गुणी मुलगी आहे, तुझ्यावर गेलेली नाही. बरोबरच्या दोन मुलांचे बूट मात्र इतके पांढरे होते की आमच्या कुत्र्यांनीही भुंकण्याआधी विचार केला.

मी सकाळपासून नाल्यावर उभा. म्हटले येतील, तेव्हा पुराची खूण दाखवू, बाभूळ दाखवू. पण नेमकी आठ दिवस उघडीप होती. जीप घोटाभर पाण्यातून सरळ वर तांडाप्रमुख नायकाच्या दारी गेली. मी हात केला, त्यांनीही हात केला. दुपारी परत येताना काच खाली करून मुलगा म्हणाला, "सर, नाला आम्ही येतानाच पाहिला." पाहिला म्हणजे त्यावरून गेला.

वर काय झाले ते गंगीने सांगितले. ही नायकाची म्हातारी आई. तीज चालू होती. तुला तीज माहीत असण्याचे कारण नाही, म्हणून सांगतो. आमच्या लग्न न झालेल्या मुली नायकाची परवानगी घेऊन टोपल्यांत वारुळाची माती आणि लेंडीखत भरतात, त्यात गहू पेरतात आणि गाणी म्हणत रोज पाणी घालतात. नवव्या दिवशी ते हिरवे कोंब सगळ्यांना वाटतात, भावांच्या पागोट्यात खोचतात आणि उरलेले नाल्यात सोडतात. जिची तीज उंच आणि दाट, तिला नवरा चांगला मिळतो म्हणे. पुष्पाची यंदा सगळ्यांत उंच होती. ती म्हणाली, नवऱ्याऐवजी सायकल मिळत असेल तर बघा.

पथकाच्या मुलांनी त्या टोपल्यांचे खूप फोटो काढले. गंगीला विचारले, हे काय पेरले? ती म्हणाली, गहू. दरवर्षी पेरता? "हो त. पाणी पडो का नको पडो, दरसाल." पाणी किती लागते? "तांब्याभर." किती दिवसांत काढता? "नवव्या दिवशी." मुले भराभर टिपून घेत होती.

खरे सांगतो, मला बरे वाटले. नाला नाही बघितला, पण आपल्या पोरींच्या सणाची कोणी आस्थेने चौकशी तरी केली.

नाल्याचे तेवढे समीक्षाला पुन्हा सांग.

देवीलाल

*

यवतमाळ
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय देवीलाल,

पेढे पाठवायला हवे होते, पण पोस्टाने पेढे जात नाहीत. आराखडा छापून आला! आणि तुझा तांडा जिल्ह्यात पहिला आला आहे! "हवामान-सक्षम वस्ती" म्हणून स्वतंत्र चौकट, रंगीत फोटोसह. त्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. फ्रेम करून नायकाच्या ओट्यावर लावा.

एवढी वर्षे तू रडत होतास, तांड्याकडे कोणी पाहत नाही. आता मुंबईपर्यंत नाव गेले. ऑगस्टमध्ये तिकडचे मोठे साहेब स्वतः पाहायला येणार आहेत. समीक्षाचेही वजन वाढले. तुझ्या वहिनीने, भागीरथाने, देवापुढे साखर ठेवली.

पुलाचे टप्पे आराखड्यात शेवटी दिले आहेत. ते सवडीने बघ. आधी आनंद साजरा करायला शिक.

तुझा,
पुंडलिक

*

भावसिंग नाईक तांडा
१९ फेब्रुवारी २०२५

पुंडलिक,

पान वाचले. जीवनला वाचून दाखवले. तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि मग उठून गेला.

तुझ्या झेरॉक्सवरचा मजकूर तुलाच पाठवतो, कारण तू तो वाचलेला दिसत नाहीस, किंवा वाचूनही तुला लाज वाटलेली दिसत नाही. "येथील महिलांनी देशी गव्हाची उगवणशक्ती चाचणी घेऊन, अत्यल्प पाण्यावर नऊ दिवसांत निघणारा खरीप गहू विकसित केला आहे. पर्जन्यमानातील बदलांशी समुदायाने स्वबळावर साधलेले हे अनुकूलन अनुकरणीय आहे."

खरीप गहू! श्रावणात! नऊ दिवसांत! अरे, नऊ दिवसांत गहू निघाला असता तर आम्ही इथे राहिलो असतो का? तुमच्या त्या सगळ्या साहेबांना नोकरीवर ठेवले असते.

आणि शेवटच्या पानाचेही बघितले. तू "सवडीने बघ" म्हणालास तेव्हाच समजायला हवे होते. तांडा स्वतः सक्षम, म्हणून असुरक्षिततेचे गुण कमी, म्हणून पूल तिसऱ्या टप्प्यात, २०४१ ते २०४७. तोवर पुष्पाची मुलगी शाळेत जात असेल. नाल्यातून.

आता एक विचारतो. समीक्षा शेतकऱ्याच्या घरची. तुझ्या वडिलांच्या वावरात गहू कधी पेरतात हे तिने लहानपणी पाहिलेले आहे. श्रावणातला गहू तिने मुकाट्याने कसा लिहिला? तिने कोणाला तरी विचारले असणार, आणि त्या कोणीतरी छाती फुगवून सांगितले असणार. "उगवणशक्ती चाचणी" हा शब्द या जिल्ह्यात मी एकाच माणसाच्या तोंडून ऐकला आहे. तू लग्नाच्या पंगतीत मटकीची उसळ बघूनही तो काढायचास.

पुंडलिक, एका सणाला तू पीक केलेस, आणि त्या पिकाने माझ्या नातीचा पूल खाल्ला. समीक्षाला सांगून ते पान दुरुस्त करून घे. भीक नको पण कुत्रं आवर, तसे झाले आहे आमचे. तुमचा सन्मान नको, तो आवरा.

देवीलाल

*

यवतमाळ
८ मार्च २०२५

प्रिय देवीलाल,

तुझे पत्र भागीरथाने उघडले आणि वाचले. यापुढे भाषा जपून वापर.

समीक्षाने मला फोटो दाखवला, हे खरे. टोपलीत मोजून पेरलेले बी, ओली माती, सारखे कोंब. कोणत्याही कृषी पदवीधराने तेच म्हटले असते. तज्ज्ञाला मत विचारले तर त्याने ते द्यायला नको काय? तो सण आहे हे तुमच्या म्हातारीने स्पष्ट सांगायला हवे होते. तुम्हीच अर्धवट सांगता आणि मग आमच्या नावाने बोंब मारता.

समीक्षाला मी यातले काही बोललेलो नाही आणि तूही बोलू नकोस. छापलेला आराखडा मागे घेता येत नाही, पाच वर्षांनी फेरआढावा असतो. तिची नोकरी नवी आहे. एका टोपलीपायी पोरीचे नुकसान करायचे का?

उलट डोके वापर. १४ ऑगस्टला मुंबईचे साहेब येत आहेत, मार्गदर्शक म्हणून मीही सोबत आहे. त्या वेळी तीज असेलच. टोपल्या नीट मांडून ठेवा, साहेबांना खूश करा आणि मग हळूच नाल्याचा विषय काढ. साहेबांनी मनावर घेतले तर टप्पे एका सहीने बदलतात. कायदा शिकवण्यापेक्षा मोका साधायला शीक.

पुंडलिक

*

भावसिंग नाईक तांडा
२० ऑगस्ट २०२५

पुंडलिक,

त्या दिवशी तू न सांगता गेलास. तू तिथे होतास, तरी काय झाले ते तुला लिहून कळवतो, कारण महत्त्वाच्या वेळी तू डोळे मिटून माझ्या मुलाच्या पाठीवर होतास.

मी तुझा सल्ला मानला. माझी मला लाज वाटते, पण मानला. आदल्या संध्याकाळी पोरींना सांगितले, टोपल्या ओळीत मांडा. प्रेमसिंगची मुलगी म्हणाली, "मास्तर, तीज का दुकानात मांडाची असते?" मी तिलाच गप्प केले. गाड्या रस्त्यावर ठेवून तुम्ही दगडांवरून उड्या मारत नाला ओलांडलात. साहेब टोपल्यांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "शेत कुठे आहे?" मग तूच पुढे झालास: "सध्या प्रायोगिक तत्त्वावर आहे, सर." गंगीने तोंडाला पदर लावला. मीही बोललो नाही. म्हटले, पूल मिळतो आहे, आणखी एक खोटे ऐकून घेऊ.

मग आभाळ फुटले. तासाभरात नाला बाभळीच्या बुंध्याला लागला. साहेबांना संध्याकाळी यवतमाळला बैठक होती, थांबायची तयारी नव्हती. जीवनने दोर बांधला आणि पोरांनी एकेकाला पाठुंगळी घेतले. मध्यावर साहेबांचा बूट गेला. ते ओरडले, "अरे, यहाँ पुल क्यों नहीं है?" आणि तुला पोचवून परत येणारा माझा जीवन पाण्यातूनच म्हणाला, "सायेब, आमचा तांडा सक्षम आहे ना, म्हणून."

सगळे हसले. मीही हसलो. मला वाटले, झाले आपले काम.

पण त्याच वेळी पलीकडच्या काठावर शाळा सुटून आलेल्या आमच्या नऊ मुली उभ्या होत्या. दप्तरे डोक्यावर धरून भिजत. त्यांना अलीकडे आणायचे तर आधी दोरावरची तुमची माणसे संपायला हवी होती. तुम्ही संपलात तोवर पाणी आणखी चढले आणि वाहणाऱ्यांच्या पायांत त्राण उरले नाही. जीवन दोनदा उतरला, दोनदा मागे फिरला. मुली पलीकडेच राहिल्या. तुमच्या चार गाड्या त्यांच्या जवळून गेल्या. शाळेच्या गावापर्यंत तरी त्यांना नेता आले असते, जागा होती. पुष्पा सांगते, मागच्या काचेतून तू तिला हात केलास.

त्या मुली रात्रभर शाळेच्या व्हरांड्यात राहिल्या. दुसऱ्या दिवशी जीवन गेला आणि पुष्पाचे दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन आला. मला म्हणाला, "बा, दोन पावसाळे झाले." बाकीच्यांच्या बापांनीही तेच केले.

साहेबांनी पुलाचे मनावर घेतले असेल तर लवकर कळव. मी जीवनला आणखी थोडा थांब म्हणू शकेन.

देवीलाल

*

यवतमाळ
१७ सप्टेंबर २०२५

प्रिय देवीलाल,

पत्राला उशीर झाला. बातमी चांगली असती तर आधीच लिहिले असते.

साहेबांनी दखल घेतली, हे खरे. त्यांच्या भेटीचा अहवाल आराखड्याला पुरवणी म्हणून जोडला आहे. त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, जून ते सप्टेंबर या काळात सदर तांड्यावर अधिकाऱ्यांनी क्षेत्रभेटी घेऊ नयेत. दुसरी, पुराच्या वेळी स्थानिक युवकांनी दाखवलेले बचाव-कौशल्य ही वस्तीची मोठी ताकद आहे. त्याचे गुण तांड्याला वाढवून दिले आहेत. त्यामुळे पुलाच्या यादीत तुमचे नाव आणखी खाली गेले.

तू काय लिहिशील ते मला पाठ आहे. ते मी स्वतःला म्हणून घेतले आहे, तू शाई वाया घालवू नकोस.

त्या दिवशी हात केला तो पुष्पाला ओळखले म्हणून. गाडी माझी नव्हती, पुढे साहेब बसले होते, थांबवा म्हणायला तोंड उघडले नाही. घरी आल्यावर भागीरथाने विचारले, पोरी कशा गेल्या घरी? मी म्हणालो, माहीत नाही. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरते बोलते. तिने समीक्षालाही सगळे सांगितले, टोपल्यांचेही. समीक्षाने मला फक्त एवढे विचारले, "बाबा, माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायचं होतं. काय झालं असतं?"

भागीरथाचा निरोप लिहितो, माझा नाही. पुष्पाला आमच्याकडे पाठव. समीक्षाची खोली रिकामी आहे, शाळा दोन गल्ल्या सोडून आहे. दहावीपर्यंत ठेवू, पुढेही ठेवू.

पुंडलिक

*

भावसिंग नाईक तांडा
६ ऑक्टोबर २०२५

पुंडलिक,

तुझे पत्र मी फाडणार होतो. तुमच्या घरचे उपकार नकोत, असे उत्तरही मनात तयार होते. चांगले झणझणीत होते.

पण पत्र पुष्पाने आधी वाचले. पोस्टमन अलीकडे तिच्याच हाती देतो, ती दिवसभर घरीच असते ना. माझा चेहरा बघून म्हणाली, "आबा, तुमचं भांडण तुमच्यापाशी ठेवा. मले शिकायचं हाये." जीवन दारात बसला होता. त्याने वर न बघता मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते बघून मी पत्र फाडायचे सोडले. लेकीला जिवंत ठेवायला घरी बसवले, आता शिकवायला घराबाहेर काढतो आहे, आणि दोन्ही वेळा बरोबर तोच. चुकलेले लोक रंगीत चौकट छापून मोकळे झाले आहेत.

रविवारी सकाळच्या एसटीने जीवन तिला घेऊन येईल. स्टँडवर तू येऊ नकोस, भागीरथावहिनींना पाठव. पुष्पाला कारले आवडत नाही आणि कोणी मध्येच बोललेले आवडत नाही. तिला घरकामाला लावू नका. रात्री पाऊस आला तर ती उठून बसते, तेव्हा वहिनींनी तिच्याजवळ थोडा वेळ बसावे.

आणि तू विचारले नाहीस, म्हणून सांगतो. बाकीच्या आठ जणी घरीच आहेत. प्रेमसिंगच्या मुलीची सोयरीक झाली. दोघी दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातील. त्यांच्यासाठी यवतमाळात खोल्या रिकाम्या नाहीत, आणि असत्या तरी पूल असा एकेक खोलीने बांधत नाहीत.

समीक्षाने तुला विचारले ते वाचून तिच्याबद्दलची माझी आशा सुटलेली नाही. म्हणून तिला माझा एक निरोप दे. पुढच्या पुरवणीत कोणीतरी लिहील, तांड्यातल्या मुलींनी शिक्षणासाठी शहराची वाट धरून बदलत्या पावसाशी जुळवून घेतले. त्याचेही आम्हाला गुण देतील. तिने तेवढे होऊ देऊ नये. तिने लिहावे की पुष्पा इथून गेली, कारण इथे राहता आले नाही. तिने लिहावे की आम्ही जुळवून घेतलेले नाही, आम्ही हरलो आहोत.

देवीलाल राठोड